छोट्या होडीत कुठल्या सामानाला किती एमएमची वायर घ्यायची

होडीत पंप, लाइट, जीपीएस, व्हीएचएफ (बोलायचा रेडिओ) बसवायचं म्हटलं की जेटीवर कुणीतरी सांगतंच, अडीच एमएम घे रे, तिच्यावर घरात गीझर चालतो तर हा एवढासा पंप नाही चालणार का. कृपा करून हे ऐकू नका. गीझर २३० व्होल्टवर असतो, वाटेत १ व्होल्ट गेला तर त्याला पत्तासुद्धा लागत नाही. होडीत बॅटरी १२ ची, त्यातला १ गेला म्हणजे ८ टक्के गेले. घरची वायर आपण गरम होऊ नये म्हणून निवडतो, होडीतली निवडायची ती शेवटच्या टोकाला पुरेसे व्होल्ट पोचावेत म्हणून, आणि मग ती गरम होणार नाही हे वेगळं बघायचं. दुकानात टांगलेला घरगुती वायरिंगचा तक्ता इथे अर्धंच काम करतो.

आधी प्रत्येक वस्तू किती अँपिअर खाते ते लिहून काढा. लेबलवर वॅट असतील तर १२ ने भागा, ३६ वॅटचा लाइट म्हणजे ३ अँपिअर. व्हीएचएफचा आकडा बोलतानाचा धरायचा, नुसतं ऐकताना तो अर्ध्या अँपिअरच्या आसपास असतो पण २५ वॅटचा सेट बटण दाबलं की ५-६ अँपिअर ओढतो. वायर बारीक असली की तुम्हाला सगळं ऐकू येतं आणि तुमचं पलीकडे नीट पोचत नाही, मग लोक अँटेना बदलत बसतात.

आता लांबी. मी सगळ्यात जास्त अडलो तो इथेच, आणि अजूनही बहुतेक वायरमन इथेच चुकीचं सांगतात म्हणून नीट वाचा. गाडीत प्लसची वायर ओढली की झालं, मायनस बॉडीतून परत येतो. फायबरच्या किंवा लाकडाच्या होडीत बॉडीतून काही परत येत नाही, करंट जितका जातो तितकाच दुसऱ्या वायरीने परत यावा लागतो. म्हणजे पंप बॅटरीपासून ६ मीटरवर असेल तर हिशोबात १२ मीटर धरायचे. आणि हे ६ मीटर सरळ टेप लावून नाही मोजायचे, वायर खरी ज्या वाटेने जाणार, म्हणजे बॅटरीच्या पेटीतून वर, कडेकडेने, स्विचपर्यंत, स्विचपासून परत खाली, ती वाट दोरी टाकून मोजायची आणि मग दोरी टेपवर धरायची. दोरीची लांबी दरवेळी अंदाजापेक्षा जास्तच भरते.

मग हा हिशोब: जाऊन-येऊन मीटर गुणिले अँपिअर गुणिले ०.०१८, त्याला भागिले किती व्होल्ट गेले तर चालतील तो आकडा. उत्तर येतं ते स्क्वेअर एमएममध्ये, दुकानात यालाच नुसतं एमएम म्हणतात. पाणी उपसायचा पंप, नेव्हिगेशन लाइट आणि रेडिओ यांना ३ टक्के, म्हणजे ०.३६ व्होल्ट. मासळी निवडायला लावलेला लाइट, मोबाइल चार्जर वगैरेंना १० टक्के, म्हणजे १.२ व्होल्ट चालतात. हे दोन आकडे मी काढलेले नाहीत, अमेरिकन बोटींच्या एबीवायसी स्टँडर्डमध्ये हेच आहेत.

वरचाच ६ मीटरवरचा पंप घ्या, समजा तो ५ अँपिअर खातो. १२ गुणिले ५ गुणिले ०.०१८ म्हणजे १.०८, भागिले ०.३६, आले ३. बाजारात ३ मिळत नाही, मग अडीच नाही घ्यायची, ४ घ्यायची. नेहमी वरची. अडीचवर त्या पंपाचे जवळपास अर्धा व्होल्ट वाटेत जातात, १ एमएमवर एक व्होल्टच्या थोडं वर, आणि पंप फिरत असतो म्हणून कुणाला काही वाटत नाही, पण पाणी कमी फेकतो. रात्री पाऊस आणि लाट दोन्ही असताना तेच कमी पडलेलं पाणी आत साठतं, म्हणून पंपाच्या वायरीत पैसे वाचवणाऱ्याला मी सरळ तोंडावर नको म्हणतो.

पॅनल, म्हणजे सगळे स्विच आणि फ्यूज एकत्र बसवलेली पाटी, असेल तर अजून एक फसगत आहे. बॅटरी ते पॅनल आणि पॅनल ते वस्तू, दोन्हीकडची घट मिळून ०.३६ मध्ये बसवायची, प्रत्येकी ०.३६ नाही. समजा पॅनलवर सगळं मिळून १५ अँपिअर आहे. ते बॅटरीपासून ४ मीटरवर लावलं आणि तिथे ०.१५ पेक्षा जास्त घालवायचे नाहीत म्हटलं तर १४.४ येतात, म्हणजे १६ एमएमची जाडजूड केबल. तेच पॅनल दीड मीटरवर आणलं तर ५.४, सहाची पुरते. म्हणून पॅनल दिसायला छान जागी नको, बॅटरीजवळ पाहिजे. उरलेले ०.२१ पुढच्या फांदीला, ३ मीटरवरच्या ६ अँपिअरच्या व्हीएचएफला त्यात ३.०९ येतात, म्हणजे चारची वायर. पंप मात्र पॅनलवरून नको, फ्लोट स्विचमधून (पाणी चढलं की आपोआप चालू होणारा) थेट बॅटरीवर, स्वतःच्या फ्यूजसकट.

एलईडी लाइटला हिशोबात अर्ध्या एमएमच्याही खाली उत्तर येतं. तरी दीडच्या खाली जाऊ नका, होडी आपटते तेव्हा बारीक वायर लगच्या (टोकाला बसवायच्या धातूच्या कडीच्या) तोंडाशी तुटते. नेव्हिगेशनला जुने फिलामेंटचे बल्ब असतील तर ३ टक्क्यांत काटेकोर राहा, व्होल्ट १० टक्के कमी झाले तर उजेड साधारण ३० टक्के कमी होतो.

बाहेरून आलेल्या सामानावर गेज लिहिलेलं असतं. १६ गेज म्हणजे १.३ एमएम, १४ म्हणजे २.१, १२ म्हणजे ३.३, १० म्हणजे ५.३. मॅन्युअल १२ गेज सांगत असेल तर चारची घ्या.

वायर घेताना बारीक तारांचीच घ्या, एका जाड तारेची नको. शक्यतो कथलाचा मुलामा असलेली टिन्ड, कारण साधं तांबं खाऱ्या हवेत आतल्या आत काळं पडत जातं आणि तुम्ही हिशोबाने घेतलेली चारची काही वर्षांत चारची राहत नाही. एक तार ब्लेडने खरवडून बघा. टिन्ड वायर वरून चंदेरी आणि आत लाल असते. वरून लाल आणि आत चंदेरी दिसली तर ते तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम आहे, वरचा सगळा हिशोब त्याला लागू नाही, तिथेच परत द्या.

फ्यूज वायरीला वाचवायला असतो, वस्तूला नंतर. बॅटरीच्या प्लसपासून वीतभरात लावा आणि वायरीच्या क्षमतेपेक्षा मोठा कधीच नको. पंपावर कंपनीने फ्यूजचा आकडा दिलेला असतो, तोच.

लग क्रिम्प करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा, गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवा, वायर वीतवीतभरावर बांधा.

हे सगळं नारळी पौर्णिमेच्या आधी, होडी वर ओढलेली आहे तोवरच उरका. शेवटी मल्टिमीटर घेऊन वस्तू चालू असताना बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोजा, मग वस्तूच्या टोकांवर. पंप असेल तर बादलीभर पाणी ओतून चालवा, कोरडा नको. दोन आकड्यांतला फरक हिशोबापेक्षा बराच जास्त आला तर नवी वायर आणायला पळू नका, मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर ठेवा आणि दुसरी प्लसच्या वायरीवर एकेका जॉइंटच्या अलीकडे पलीकडे टेकवत जा, मग तसंच मायनसला. आकडा जिथे एकदम उडी मारेल तो जॉइंट कापून नव्याने करा.