सीएनसीवर कोरलेल्या घोड्याच्या मानेवर पायरी यायची, ती अशी गेली

खानापुरात घरच्या छोट्या सीएनसी राऊटरवर (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर लाकूड कोरणारं मशिन) बुद्धिबळाचा सेट करतोय. राजा, वजीर, उंट, प्यादी लेथवर झाली. अडलं ते घोड्यावर. फळी उलटून दुसरी बाजू कोरली की मानेवर, नाकावर मिलीमीटरभर पायरी. नखाला सरळ लागायची.

कोरायची बिट बदलली, वेग कमी केला, फळीची कड गुण्यात (काटकोनात) लावून पुन्हा झिरो, म्हणजे मशिन जिथून मापं मोजतं तो बिंदू, घेतला. सागवानाचे सात तुकडे चुलीत गेले. आई म्हणाली, "घोडे भाजून काय मिळतंय रे तुला?"

चूक कडेवरून झिरो घेण्यात होती. फळी उलटली की कडही बदलते.

आता असं करतो. फळीची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजून तोच आकडा प्रोग्रॅममध्ये, माझा 30.4 मिमी होता, मी 30 लिहीत होतो. मग फळी ज्या मध्यरेषेवर उलटणार, त्याच रेषेवर दोन्ही टोकांना 6 मिमीची भोकं मशिनकडूनच, आरपार आणि फळीखालच्या एमडीएफमध्ये (लाकडी तंतूंचा दाबीव बोर्ड) 8 मिमी खोल. एक्स-वाय (लांबी-रुंदीचा) झिरो पहिल्या भोकाच्या केंद्रावर, झेड (उंचीचा) एमडीएफच्या पृष्ठावर. भोकांत 6 मिमीच्या पिना ठोकायच्या, पहिली बाजू कोरायची. फळी त्याच रेषेवर उलटून पिनांत बसवायची आणि झिरोला हात न लावता दुसरी बाजू.

मध्येच लाईट गेली तरी पिनेवरून झिरो परत सापडतो, हा फुकटचा फायदा.

लाकडाच्या रेषा (तंतू) घोड्याच्या उंचीच्या दिशेने ठेवा, नाहीतर कान तुटतात. आठव्याला 120 नंबरचा पॉलिश पेपर पुरला.