‘कितले जाले?’ या प्रश्नाची भीती

१५ मार्च २०१८ नंतर गोव्यातल्या खाणी थांबल्या, तेव्हा मी डिचोली तालुक्यातल्या एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो. २०१२ची बंदी आम्ही सोसली होती. ती उठली आणि माणसं परत कामावर गेली. या खेपेला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टेच रद्द केले होते, त्यामुळे वाट पाहायची तरी कशाची, असा प्रश्न घरात रोज व्हायचा. सात महिन्यांनी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, मी डिचोलीत दुचाकींचं छोटं गॅरेज उघडलं. नवीन धंदा टाकू पाहणारी मुलं आता माझ्याकडे येतात. भांडवल, जागा, हत्यारं यांबद्दल विचारतात, आणि निघताना दारात थांबून हळूच म्हणतात, “दादा, भीती वाटते.” हे त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी दसऱ्याबद्दल. मुहूर्त म्हणून दिवस उत्तम, पण त्या दिवशी गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून लोक घरीच पूजा करतात. सर्व्हिसिंगची घाई असते ती त्याआधीच्या पंधरा दिवसांत. मी दिवसभर रिकाम्या गॅरेजात बसलो आणि संध्याकाळी घरी जाऊन म्हणालो, “आपलं चुकलं.” चुकली होती ती फक्त तारीख. आपल्या धंद्याचं वर्ष कसं फिरतं ते उघडण्याआधी कागदावर मांडा. दुचाकीच्या कामाला मे महिना मोठा, कारण पावसाच्या आधी ब्रेक शू आणि टायर बदलून घेतात. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचा आठवडाही तसाच. चवथीचे दिवस मात्र सुनेसुने जातात. हे आधी माहीत असलं की रिकामा दिवस अंगावर येत नाही.

आता कामाची भीती. टिप्परची इंजिनं मी वर्षानुवर्षं उघडली होती, स्कूटरला घाबरेन असं कुणालाच वाटलं नसतं. पण खाणीवर गाडी कंपनीची होती आणि वर फोरमन होता. इथे गाडीचा मालक स्टुलावर बसून माझ्या हाताकडे बघत असायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ऑईल बदलताना ड्रेन बोल्ट मी असा आवळला की आटेच गेले. क्रँककेस ॲल्युमिनियमची असते, मऊ. खाणीवरच्या मोठ्या बोल्टांची सवय असलेला हात आणि त्यात घाबरलेला. घाबरल्यावर शरीर ॲड्रेनालिन सोडतं, छाती धडधडते, बोटं थरथरतात आणि पकड गरजेपेक्षा घट्ट होते. मला वाटत होतं बोल्ट सैल राहील, ऑईल गळेल, नाव जाईल. त्या विचारानेच आटे गेले.

मी गिऱ्हाइकाला खरं सांगितलं. गाडी ठेवून घेतली, लेथवाल्याकडून नवे आटे पाडून घेतले आणि खर्च माझ्या खिशातून केला. तो माणूस आजही येतो. त्या आठवड्यात मी टॉर्क रेंच विकत घेतला. कुठला बोल्ट किती आवळायचा याचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. रेंच त्या आकड्याला लावला की टक्कन आवाज येतो आणि हात थांबतो. तुमचा धंदा शिवणाचा असो वा खाज्याचा, जिथे हात कापतो तिथे असा एखादा आकडा शोधा. टेपवरचं माप असेल, पाकाचं तापमान असेल. आणि हात फारच कापत असेल तर काम खाली ठेवा, श्वास घ्यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ सोडायला द्या, पाच-सहा वेळा. मी आजही करतो, गाडीमागे उकिडवा बसलो असताना कुणाला कळतही नाही.

पण माझी सर्वांत मोठी भीती वेगळीच होती. काम संपलं की गिऱ्हाईक पाकीट काढून कोंकणीत विचारतं, “कितले जाले?” म्हणजे किती झाले? त्या दोन शब्दांनी माझ्या घशाला कोरड पडायची. बारा वर्षं पगार खात्यात जमा झालेला. समोरच्या ओळखीच्या माणसाकडे, त्याच्या डोळ्यांत बघून, स्वतःच्या मेहनतीचे पैसे मागायची सवयच नव्हती. अडीचशे ठरवलेले असायचे आणि तोंडातून दीडशे निघायचे. त्यात खाणीवरचे जुने सोबती यायचे, तेही बेकार. त्यांच्याकडून घ्यायचे कसे?

बायकोने महिन्याच्या शेवटी वही समोर ठेवली. “अहो, तुम्ही रोज काम करता आणि रोज थोडं थोडं हरता,” एवढंच म्हणाली. मग आम्ही रात्री हिशेब मांडला. भाडं ५,०००, वीज ९००, कर्जाचा हप्ता १,६५०, घरखर्च १५,०००. एकूण २२,५५०. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर दिवसाला सुमारे ८७० रुपये. एका सर्व्हिसिंगची मजुरी २५० धरली तर दिवसाला चार गाड्या. चार! ज्या भीतीने मी रात्री तीनला उठून छताकडे बघायचो, ती एवढी होती. कधी दोन गाड्या आल्या तर दोन कमी पडल्या हे कळायचं, आणि बुधवारी बाजाराला आलेली माणसं गाड्या लावून जायची तेव्हा ती भरून निघायची. दुसऱ्या दिवशी भिंतीवर दराचा फलक लावला, सुट्या भागांची आणि मजुरीची रक्कम वेगळी लिहू लागलो. जुन्या सोबत्यांना सवलत दिली, पण तीही वहीत लिहून. न मागितलेल्या पैशांचा राग नंतर माणसावर निघतो, हे मी जवळून पाहिलंय.

लोक काय म्हणतील ही भीती मात्र सोडून द्या. “खाणीवरचा मेकॅनिक आता स्कूटर पुसतो” असं कोण म्हणालं ते माझ्या कानावर आलं होतं. त्याचीच स्कूटर नंतर माझ्याकडे आली, आणि तिच्यावर मी तेवढंच मन लावून काम केलं. कामाची भीती ऐकावी, कारण तिच्यात पुष्कळदा तथ्य असतं. माणसांची भीती मला तरी कधी काही शिकवून गेली नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. नगरपालिकेचा व्यवसाय परवाना आधी, शटर नंतर. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत होते, पैसे मागणारी संकेतस्थळं टाळा. मुद्रा योजनेतल्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज तारण न ठेवता मिळतं. मला पहिल्या बँकेतून दोनदा परत पाठवलं होतं, दुसरीकडे मिळालं. नकार आला की रात्री झोप येत नाही, म्हणून सांगतो: सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच कर्जाच्या रांगेत उभे राहा. आणि झोप आठवडेच्या आठवडे उडाली, जेवण जाईना, तर ती धंद्याची भीती म्हणून अंगावर काढू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे, बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे. माझ्या एका सोबत्याने तिथे जाऊन उपचार घेतले आणि आता त्याचं स्वतःचं वेल्डिंगचं दुकान आहे.

भीती परतही येते. मार्च २०२०च्या टाळेबंदीत शटर बंद, आणि त्याच १ एप्रिलपासून बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या, कडक नियमांच्या गाड्या आल्या. ज्या कार्बोरेटरवर माझा हात बसला होता तो नव्या स्कूटरमधून गेला, तिथे फ्युएल इंजेक्शन, सेन्सर आणि कंट्रोल युनिट आलं. त्या बंद दिवसांत मी व्हिडिओ बघत वही भरली, नंतर उसनवारी करून गाडीतल्या बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर घेतला. पहिली बीएस-६ स्कूटर एका बुधवारी आली, इंजिनचा पिवळा दिवा लागलेला. मालकीणबाईंना म्हणालो, “मावशी, या गाड्या मला नव्या आहेत. तासभर द्या. जमलं नाही तर एक पैसा घेणार नाही.” त्या पिशवी घेऊन बाजाराला गेल्या. स्कॅनरने कोड दाखवला, वायरिंगच्या एका सॉकेटमध्ये पाणी शिरून गंज आला होता. साफ केलं, सुकवलं, दिवा गेला. त्या परतल्या तेव्हा मी ट्रायल मारून आलो होतो.

“कितले जाले?” त्यांनी विचारलं.

मी २०० म्हणालो, आणि आवाज कापला नाही.