जुना फिल्म कॅमेरा आणि सोलापूरचं ऊन : या चुका टाळा

सोलापुरात जुन्या कॅमेऱ्यांना तोटा नाही. डिजिटल आल्यावर स्टुडिओवाल्यांनी माळ्यावर टाकलेले याशिका मॅट, कुणाच्या मामांनी आखातातून आणलेला याशिका एमएफ-२, रशियन झेनिट, बडोद्यात तयार झालेला आग्फा क्लिक थ्री. विचारत राहिलात तर यातलं काहीतरी नात्यागोत्यातच निघतं. आणि एकदा का लिव्हर ओढून शटरचा तो आवाज ऐकला, की माणूस एका कॅमेऱ्यावर थांबत नाही. कपाटाचा एक कप्पा जातो, मग दुसरा, मग घरात बोलणी बसतात.

पण हे कॅमेरे वयामुळे क्वचितच मरतात. ते मरतात चुकीच्या प्रेमामुळे. त्यात पुन्हा नेटवरचे बहुतेक सल्ले थंड किंवा दमट हवेतल्या लोकांनी लिहिलेले. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि धूळ बारा महिने. त्यामुळे आपल्या चुकाही थोड्या वेगळ्या.

घेताना : ‘चालू आहे ना?’ एवढंच विचारणं

विकणारा बटण दाबतो, खटकन आवाज येतो, व्यवहार होतो. आवाज म्हणजे चालू असणं नव्हे. याशिका इलेक्ट्रो ३५ सेल नसतानाही वाजतो, पण तेव्हा त्याचं शटर प्रत्येक वेळी १/५०० सेकंदालाच उघडतं. मागचं झाकण उघडून शटर उजेडाकडे धरा. एक सेकंदाच्या आकड्यावर ते खरंच सेकंदभर उघडं राहतं का ते बघा. जुन्या ग्रीसमुळे सगळ्यात आधी हेच मंद वेग लंगडतात. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारा, म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसेल. मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्समध्ये ती हमखास बघावी. सेलच्या खोबणीत हिरवट थर असेल तर किंमत पाडून मागायला हरकत नाही, थोडा थर व्हिनेगरच्या बोळ्याने निघतो.

आणि रोलचा आकार आधी विचारा. ३५ मिमी आणि १२० नंबरचा रोल आजही नवा मिळतो. काही जुन्या कोडॅकना ६२० लागतो. त्यात फिल्म १२०चीच असते, फक्त रीळ वेगळं, म्हणून अंधारात ती दुसऱ्या रिळावर गुंडाळून घ्यावी लागते. १२६ची कॅसेट लागणारा कॅमेरा शोकेससाठी घ्या, वापरण्यासाठी नको.

अडलं की मशीनचं तेल

ही खास आपल्या गावची चूक. युनिफॉर्म शिवणारं गाव, यंत्रमागांचं गाव. मशीनच्या तेलाची बुधली घरात असतेच. लिव्हर जड झाली की एक थेंब सोडायचा हात शिवशिवतो. सोडू नका. शिलाई मशीनला तेल हवं असतं, शटरची पाती मात्र कोरडी असावी लागतात. कागदासारख्या पातळ त्या पात्यांवर तेल पसरलं की ती एकमेकांना चिकटतात, आणि उन्हाळ्यात पातळ होऊन तेल जिथे जायला नको तिथेही पोहोचतं.

आधीच तेलकट झालेली लेन्स ओळखायची कशी? एसएलआरवर (आरशातून लेन्समधलंच दृश्य दाखवणारा कॅमेरा) उन्हात एफ/१६ला, म्हणजे लहान छिद्राने, काढलेले फोटो फिकट, जास्त उजेड खाल्लेले येतात आणि एफ/२ला, म्हणजे मोठ्या छिद्राने, काढलेले ठीक येतात. म्हणजे छिद्र लहान व्हायला उशीर करतंय. लेन्स काढून मागची कळ बोटाने हलवा. पाती झटकन मिटायला हवीत, आळसावून नाही. तसं असेल तर ते काम कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याचंच. कॅमेऱ्यांचे जुने कारागीर कमी उरलेत, पण विचारपूस केली तर स्टुडिओवाल्यांना ते माहीत असतात.

जोर लावणं हा तेलाचाच भाऊ. झोर्की आणि फेड या रशियन कॅमेऱ्यांत शटरचा वेग बदलायचा तो लिव्हर किंवा नॉब फिरवून शटर चढवल्यानंतरच. आधी बदललात तर आतली यंत्रणा बिघडू शकते, आणि मग विकणाऱ्याला शिव्या देऊन उपयोग नाही. जुन्या कॅमेऱ्याच्या सेल्फ टायमरला तर हातच लावू नये असं माझं मत आहे. तो अर्ध्यात अडकला की पूर्ण शटर अडकतं, आणि स्वतःचा फोटो काढायला फोन आहे.

स्क्रू उघडायचाच असेल तर खाली सोलापुरी टॉवेल अंथरा, पडलेला स्क्रू घरंगळत जात नाही. त्याच टॉवेलने लेन्स मात्र पुसू नका, त्याचे तंतू आत जातात. आणि एसएलआरचा आरसा कशानेच पुसू नका. त्याचा मुलामा काचेच्या वरच्या बाजूला असतो, पुसला की गेला. आरशावरची धूळ फोटोत येत नाही, ती फक्त डोळ्याला खुपते.

ऊन

दुपारी गाडीच्या डिकीत ठेवलेला रोल, पत्र्याच्या खोलीतल्या माळ्यावरचा कॅमेरा : दोन्ही गेलेच समजा. उष्णतेने रंगीत फिल्मचे रंग ढळतात आणि धूसरपणा चढतो. जुन्या कपाटात उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल सापडला तर तो जरूर जपून ठेवा, पण त्यावर कुणाचं लग्न काढू नका. मुदत संपलेल्या रोलला ‘दर दहा वर्षांना एक स्टॉप जास्त’ (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) हा हिशेब थंड जागी राहिलेल्या रोलचा आहे, सोलापूरच्या कपाटातल्या नव्हे. नवे रोल फ्रिजमध्ये हवाबंद डब्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर तासाभराने उघडा, नाहीतर फिल्मवर दव धरतं.

मागच्या झाकणाच्या कडेचा फोम उन्हाळ्या-उन्हाळ्यांनी डांबरासारखा चिकट होतो. मग रंगीत फोटोंच्या कडेला लाल-नारिंगी पट्टे येतात. हे दुरुस्त करणं सोपं आहे : जुना फोम काडीने खरवडा, खोबण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि काळी लोकर चिकटवा. शटरच्या पडद्याला मात्र एक कणही लागू देऊ नका.

झोर्की, फेडसारख्या कापडी पडद्याच्या कॅमेऱ्याला आणखी एक धोका. त्यांच्यात लेन्स आणि पडदा यांच्यामध्ये आरसा नसतो. लेन्स उघडी ठेवून कॅमेरा उन्हाकडे तोंड करून पडला, की भिंगाने कागद जळतो तसं पडद्याला भोक पडतं. नंतर प्रत्येक फोटोत त्याच जागी पांढरा ठिपका. झाकण लावायची सवय करा.

पावसाळ्यात आपण निर्धास्त असतो, कारण आपला पाऊस तो केवढा. पण चामड्याच्या केसमध्ये ओल साठून राहते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. कॅमेरा केसबाहेर ठेवा. डांबरगोळ्या ठेवू नका, त्यांच्या वाफेने काच धुरकटते. सिलिका जेलची पुडी पुरे. आणि महिन्यातून एकदा रोल नसताना सगळे वेग वाजवा. न वापरलेलं ग्रीस आणखी घट्ट होतं.

सेलचा घोळ

पेंटॅक्स के १००० (१९७६ ते १९९७ असा दीर्घकाळ बनलेला, शिकायला उत्तम) वाल्यांची नेहमीची तक्रार : सेल लवकर संपतो. त्याच्या मीटरला (उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला) बंद करायचं बटणच नाही. लेन्सवर झाकण लावलं की तो जवळजवळ झोपतो, एवढंच. सेल घेताना एलआर ४४ऐवजी एसआर ४४ घ्या. त्याचा व्होल्टेज शेवटपर्यंत स्थिर राहतो.

१९६०-७०च्या दशकांतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता मिळत नाही. त्याच्या जागी दीड व्होल्टचा अल्कलाइन घातला तर अनेक मीटर उजेड जास्त सांगतात आणि फोटो काळपट येतात. कानाच्या यंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा असतो, खोबणीत रिंग घालून बसवला की काम होतं.

रोल कोरा आला?

लगेच धुणाऱ्याशी भांडू नका. आधी फिल्मच्या कडा बघा. कडेला कंपनीचं नाव आणि आकडे ठळक दिसत असतील तर धुणं बरोबर झालंय; फिल्म पुढे सरकलीच नाही किंवा शटर उघडलं नाही. कडाही कोऱ्या असतील तर चूक धुण्यात. रोल सरकतोय की नाही हे फोटो काढतानाच कळतं : लिव्हर ओढताना डावीकडचा रिवाइंडचा नॉब फिरायला हवा. तो स्थिर राहिला आणि तुम्ही ३६च्या पुढे फोटो काढतच गेलात, तर समजून घ्या.

फ्लॅशच्या फोटोत एकच पट्टी उजळ असेल तर वेग जास्त होता. आडव्या कापडी पडद्याच्या बहुतेक कॅमेऱ्यांत १/६०च्या वर जाऊ नका. फ्लॅश पेटूनही फोटो काळा आला, तर वायर एक्सऐवजी एमच्या (जुन्या फ्लॅश-बल्बसाठीच्या) भोकात तर नव्हती ना?

गड्ड्यात पांढरं राखाडी होतं

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे आपल्या गड्ड्यात, सात नंदीध्वज निघतात आणि बाराबंदी (पांढरा पारंपरिक अंगरखा) घातलेले हजारो लोक रस्त्यावर येतात. जुन्या कॅमेऱ्याला याहून चांगलं निमित्त नाही. पण मीटर समोरच्या प्रत्येक गोष्टीला मधला करडा समजतो. सगळी चौकट पांढऱ्या कपड्यांनी भरली की तो उजेड कमी करतो, आणि बाराबंदी मळकी, चेहरे काळे. मीटर सांगेल त्यापेक्षा एक ते दीड स्टॉप जास्त द्या, किंवा मीटरकडे बघूच नका : स्वच्छ उन्हात २०० आयएसओचा रोल, १/२५० सेकंद, एफ/१६. चेहरे सावलीत असतील तर दोन-तीन स्टॉप उघडा. निगेटिव्ह फिल्म थोडा जास्त उजेड पचवते, कमी उजेड पचवत नाही. आणि रोल बदलायचा तो होम मैदानाच्या मधोमध नाही, सावलीला जाऊन.

घरी धुताना

कृष्णधवल रोल घरी धुणं हा या छंदातला सर्वांत मोठा आनंद, आणि सोलापुरात त्याला दोन अडचणी : पाणी गरम आणि पाणी कमी. डेव्हलपरच्या (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या) वेळा २० अंशांसाठी दिलेल्या असतात. मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी वापरून तेवढाच वेळ ठेवलात तर निगेटिव्ह काळीठिक्कर. बर्फाच्या टबात बाटल्या ठेवा. जमलं नाही तर २४ अंशांवर धुवा आणि वेळ सुमारे एक तृतीयांश कमी करा. पाच मिनिटांच्या खाली मात्र जाऊ नका, डाग पडतात. डेव्हलपर थंड आणि धुण्याचं पाणी गरम असं केलंत तर फिल्मवरचा थर सुरकुततो.

नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा धार लावून धुणं विसरा. इलफर्डने सुचवलेली पद्धत वापरा : रोल धुण्याची छोटी टाकी भरून पाच वेळा उलटसुलट करा, ओता; पुन्हा भरून दहा वेळा, ओता; पुन्हा वीस वेळा. झालं. शेवटचं पाणी आरओचं घ्या, नाहीतर क्षारांचे ठिपके वाळतात.

रंगीत रोल पुण्या-मुंबईला कुरिअरने पाठवणार असाल तर प्रत्येक डबीवर ‘रंगीत’ किंवा ‘कृष्णधवल’ असं मार्करने लिहा. साधा कृष्णधवल रोल रंगीतच्या रसायनात गेला तर त्यातली चांदी पूर्ण निघून जाते आणि परत येते ती स्वच्छ पारदर्शक पट्टी. आणि निगेटिव्ह परत हव्यात हेही लिहा. काही जण नुसते स्कॅन पाठवतात.