बंद पडलेली जुनी चेनसॉ घरी उघडून नीट कशी करायची

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, श्रीवर्धन मंडणगड दापोली पट्ट्यातल्या बागा आडव्या झाल्या आणि त्यानंतर आमच्याकडे वाड्यावाड्यांत चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या साखळीच्या करवती, दिसायला लागल्या. त्यातल्या बऱ्याच आता पडवीत बंद पडून आहेत. दुरुस्तीला नेली की किट बदलावं लागेल एवढंच ऐकायला मिळतं, किट म्हणजे ब्लॉक (पिस्टन ज्यात वरखाली होतो तो सिलिंडर), पिस्टन आणि रिंगा. ते बसवतात, मशीन चालते, आणि पुढच्या सीझनला परत जाम, कारण पहिला पिस्टन का गेला हे कोणी बघितलेलंच नसतं. म्हणून घरी उघडायला बसलात तर पार्ट मागवायची घाई करू नका, आधी कारण शोधा.

मी स्टिल एमएस १८० धरून लिहितोय, ३१.८ सीसीची. बाकी टू स्ट्रोक मशीनला पद्धत साधारण हीच, आकडे तेवढे वेगळे. सामान फार नको, टी २७ चा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या तोंडाचा) पाना, मशीनसोबत येणारा प्लग पाना, १९ चा पाना, नोज प्लायर, जाडसर सुती दोरी आणि सायकलची जुनी ट्यूब. प्रत्येक पार्ट काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्या, पाइप कुठून कसा गेलाय ते चार दिवसांनी आठवत नाही.

पहिलं काम सायलेन्सर काढायचं. दोन नट आहेत फक्त. मग प्लग काढा, स्टार्टरची दोरी हळू ओढत पिस्टन वरखाली करा आणि टॉर्च मारून सायलेन्सरच्या भोकातून पिस्टनची बाजू बघा. पिस्टन गुळगुळीत दिसला तर इंजिन बहुतेक वाचलंय, रोग पेट्रोल नाहीतर करंटमध्ये, म्हणजे प्लगच्या ठिणगीत आहे. उभे ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असले तर मशीन गरम होऊन घासलंय, म्हणजे ऑइल कमी पडलंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा आत जातेय. कार्बोरेटरच्या बाजूला ओरखडे असले तर फिल्टरमधून भुसा आणि धूळ आत गेलीय. चारही बाजूंनी घासलेला असला तर कोणीतरी ऑइल न घालता नुसतं पेट्रोल ओतलंय. पाच मिनिटांचं काम आहे पण अर्धं उत्तर इथेच मिळतं, आणि तरीही सगळे आधी कार्बोरेटरच उघडतात.

पिस्टन चांगला असेल तर प्लग नवा टाका, जुन्यावर जो नंबर आहे तोच घ्या, गॅप ०.५ मिमी. करंट बघताना प्लग ब्लॉकला टेकवून बघायचा, पण प्लगच्या भोकापासून लांब, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. मग टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर ओढा आणि पाइप बोटांनी वाकवून बघा, भेगा दिसल्या किंवा चिकट लागला तर बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, इथेनॉल ओल धरतं, आणि आपल्याकडे मशीन पावसाळाभर तशीच टाकी भरून ठेवतात. कार्बोरेटर उघडला की आतला पातळ पडदा, डायफ्राम, हातात घ्या, नवीन असताना तो मऊ असतो, जुना कडक होऊन कागदासारखा वाजतो. असा झाला असेल तर नुसतं साफ करून काही होत नाही, पडद्यांचं छोटं किट मिळतं ते टाका. जाळीवरचा कचरा पेट्रोलने धुवा, छिद्रांत तार घालू नका, छिद्र मोठं झालं की सेटिंग कधीच लागत नाही.

आता पिस्टन गेलेलाच असेल तर. इंजिन खोलायच्या आधी हवा कुठून लीक होतेय ते बघा, कारण एकदा खोललं की हा पुरावा गेला. सायलेन्सरच्या भोकावर ट्यूबचा तुकडा ठेवून वरून सायलेन्सर आवळा, कार्बोरेटरच्या बाजूलाही तसंच बंद करा, आणि प्लगच्या जागी किंवा छोट्या इम्पल्स भोकातून (इंजिनमधला दाब कार्बोरेटरला पोचवणारं भोक) सायकलच्या पंपाने अगदी थोडी हवा भरा, ०.५ बार म्हणजे साधारण ७ पीएसआय, त्याच्या वर नको, सील बाहेर येतील. मग क्लचच्या मागे, मॅग्नेटच्या (चुंबक बसवलेल्या फिरत्या चाकाच्या) मागे, खालच्या जोडावर आणि कार्बोरेटरच्या रबरी बूटवर, म्हणजे कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या रबरी तुकड्यावर, साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तिथून तुमचा पिस्टन गेला. बूटची भेग नुसती दिसत नाही, तो दाबून वाकवून बघा.

क्लच काढताना लोक हमखास चुकतात. त्याचे आटे उलटे आहेत, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. पिस्टन अडकवायला प्लगच्या भोकातून दोरी घालायची, पण पिस्टन वर येऊन सायलेन्सरचं भोक झाकलं गेल्यावरच, नाहीतर दोरी त्या भोकात अडकून पिस्टनची कड तुटते. स्क्रूड्रायव्हर तर अजिबात घालू नका. मॅग्नेटचा नट सरळ आट्यांचा आहे. खालून चार बोल्ट काढले की इंजिन वेगळं होतं, क्रँक बेअरिंग सीलसकट हातात येतो.

ब्लॉक लगेच फेकू नका हे मी कळकळीने सांगतो. आतून जे ओरखडे दिसतात ते बरेचदा पिस्टनचं ॲल्युमिनियम वर चिकटलेलं असतं, खालचं कडक कोटिंग शाबूत असतं. बाथरूम साफ करायचं ॲसिड कानाच्या काडीवर घेऊन फक्त त्या डागावर लावा, फेस येतो, पुसा, परत लावा, फेस थांबला की ॲल्युमिनियम संपलं. भोकांच्या कडेला लावू नका, तिथे उघडं ॲल्युमिनियम आहे, तेच खाल्लं जाईल. हे काम अंगणात, हातमोजे आणि चष्मा घालून, नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि बारीक पॉलिश पेपर तिरका फिरवा. नख फिरवून बघा, अडकलं नाही तर ब्लॉक वापरा. साफ केलेला ओरिजिनल ब्लॉक आणि चांगल्या कंपनीचा पिस्टन ही जोडी स्वस्तातल्या नव्या किटपेक्षा कधीही भारी. कोटिंगच निघालं असेल तर मात्र नाइलाज आहे, बदला.

जोडताना पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. रिंगांची तोंडं त्या खाचेतल्या बारीक पिनवर बसली पाहिजेत, नाहीतर ब्लॉक घालताना रिंग मोडते. गजन पिनचे (पिस्टन दांड्याला जोडणाऱ्या पिनचे) लॉक नवेच वापरा, आणि ते उडतात, म्हणून काम करताना क्रँकचं तोंड फडक्याने बंद ठेवा. दोन्ही ऑइल सील नवे. खालच्या जोडाला गॅस्केट नाही, जुनं सगळं खरवडून पेट्रोल सहन करणारं सिलिकॉन पातळ लावा, जास्त लावलं तर आत जातं, आणि रात्रभर सुकू द्या. कॉइल (प्लगला करंट देणारी) आणि मॅग्नेटमध्ये व्हिजिटिंग कार्ड ठेवून कॉइलचे स्क्रू आवळा, गॅप बरोबर येतो. मग परत साबणाची टेस्ट, ही टाळू नका.

पेट्रोल ताजं, कंपनीचं ऑइल असेल तर ५ लिटरला १०० मिली, दुसरं साधं टू स्ट्रोक ऑइल असेल तर ५ लिटरला २०० मिली. चालू झाली की लगेच फुल रेस देऊ नका, पहिल्या दोनतीन टाक्या हलकी लाकडं कापा. ज्या कार्बोरेटरला एल (कमी रेसचं पेट्रोल) आणि एच (फुल रेसचं पेट्रोल) दोन्ही स्क्रू आहेत ते हळूच पूर्ण बंद करून एक एक फेरा उघडा आणि तिथून सेट करा. फुल रेसला लोड नसताना आवाज थोडा फाटका, गुरगुरता यायला पाहिजे आणि लाकडाला लावल्यावर साफ व्हायला पाहिजे, कारण लोड नसताना एकदम स्वच्छ किंचाळत असेल तर पेट्रोल कमी जातंय आणि नवा पिस्टनही जाणार, एच थोडा उघडा. आयडलला साखळी फिरता कामा नये.

साखळीला ४ मिमीची गोल कानस, ३० अंशात, आणि डावे उजवे सगळे दात सारख्या लांबीचे ठेवा, एका बाजूचे छोटे झाले की काप तिरका जातो. दातापुढचा उंचवटा ०.६५ मिमीच खाली पाहिजे, जास्त घासला तर मशीन हाताला झटके देते. बारची खाच आणि ऑइलचं भोक तारेने साफ करा. शेवटी साखळीचा ब्रेक लावून रेस देऊन बघा, साखळी हलली तर मशीन झाडाला लावू नका. ब्रेक सोडून बारचं टोक पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरा आणि रेस द्या, पुठ्ठ्यावर ऑइलची रेघ उमटली की कापायला घ्या, नाही उमटली तर क्लच परत काढून ऑइल पंप बघायला लागेल.