मुलीचा फ्रॉक, बाहुलीचा फ्रॉक, एकाच कापडातून

नात चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. तिचा फ्रॉक नुकताच शिवून झाला होता, तो घालून ती दोन गिरक्या घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, ठकीला का नाही शिवलास असा?" ठकी म्हणजे तिची बाहुली. उंची ४६ सेंटीमीटर, धड कापूस भरलेलं, डोकं आणि हातपाय प्लॅस्टिकचे. कापड उरलेलं होतंच. मी नातीच्या फ्रॉकचा कागदी नमुना अर्ध्यावर आणला आणि त्याच दुपारी छोटा फ्रॉक शिवून टाकला. तो ठकीच्या अंगात गेलाच नाही. आधी डोकं अडकलं, गळा उसवून मोठा केला तर हात मुंढ्यातून, म्हणजे हात घालायच्या गोलातून, जाईनात. नात शेजारी बसून सगळं बघत होती. तिचा चेहरा अजून आठवतो.

मूल वाढतं, बाहुली वाढत नाही. मूल कपडा घालताना हात वर करतं, डोकं आत घालतं, बाहुली यातलं काही करत नाही. आणि बाहुलीला कपडे घालणारी बोटं असतात त्या मुलाची, ज्याला स्वतःचं बटणसुद्धा अजून धड लावता येत नसतं. म्हणून दोन्ही फ्रॉक दिसायला एकसारखे झाले तरी शिवायचे वेगवेगळ्या पद्धतीने. इथे बिनबाह्यांचा, कमरेला चुण्या असलेला, मागून उघडणारा फ्रॉक घेतला आहे. तो जमला की बाकीचं पुष्कळसं जमतं.

कापड

सुती घ्या, पातळ पण घट्ट विणीचं. पॉपलीन किंवा केंब्रिक उत्तम. निसटणारं, चकचकीत कापड बाहुलीच्या मापात अजिबात आवरत नाही. छपाई बारीक हवी. मुलीच्या फ्रॉकवर शोभणारं तळहाताएवढं फूल बाहुलीच्या छातीवर एखादी पाकळी म्हणून उरतं. दीड-दोन सेंटीमीटरच्या आतली नक्षी दोघींना चालते.

चार वर्षांच्या, साधारण १०० सेंटीमीटर उंचीच्या मुलीला ११० सेंटीमीटर पन्ह्याचं (रुंदीचं) सव्वा मीटर कापड पुरतं आणि नीट बेतलं तर बाहुलीचंही त्यातच निघतं. कापायच्या आधी कापड धुवायचंच. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटतं, म्हणजे मीटरमागे ३ ते ५ सेंटीमीटर. शिवल्यावर आटलं तर नेमकी उंची आखूड होते.

धुताना आणखी एक बघा. ओल्या कापडाचा कोपरा पांढऱ्या रुमालात घट्ट दाबून धरा. रुमालाला रंग लागला तर ते कापड बाहुलीला नको. गडद लाल, निळा, काळा रंग प्लॅस्टिकच्या अंगात मुरतो आणि मग घासून निघत नाही. ठकीच्या खांद्यावर मरून रंगाचा डाग आहे, तो माझ्या हातून पडलेला. आता बाहुलीच्या फ्रॉकला आतून पांढऱ्या मलमलीचं अस्तर लावल्याशिवाय मी तो तिच्या अंगात घालत नाही.

माप आणि कागद

मुलीच्या मापासाठी तिला बरोबर बसणारा एखादा फ्रॉक घ्या, मधोमध दुमडून कागदावर ठेवा, गळा, खांदा, मुंढा, कूस (काखेखालची बाजू), कंबर अशी रेघ फिरवून घ्या. अंदाजाने आकृती काढण्यापेक्षा हे खात्रीचं. तरी तीन मापं टेपने घ्याच: छाती, खांद्यापासून कमरेपर्यंतची उंची आणि कमरेपासून गुडघ्यापर्यंतची. छाती ५६ असेल तर कपडा ६४ चा व्हायला हवा. हे ८ सेंटीमीटर मोकळेपणाचे. मूल बसतं, पळतं, उलटं लटकतं. शिलाईची माया, म्हणजे शिवणीबाहेर राखायचं जास्तीचं कापड, याहून वेगळी, सगळीकडून दीड सेंटीमीटर. मागच्या दोन भागांना मध्यरेषेपलीकडे आणखी दोन-दोन सेंटीमीटर ठेवा, बटणपट्टीसाठी.

चौथं माप डोक्याचं. चार वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर ५० सेंटीमीटरच्या आसपास असतो. गळा आणि मागची उघडी फट मिळून त्याहून मोठी हवी. अंगभर मागून उघडणाऱ्या फ्रॉकला ही अडचण येत नाही, पण झबलं किंवा कुर्ता शिवताना विसरलात तर सगळी मेहनत कपाळापाशी अडते.

बाहुलीचा नमुना तिच्या अंगावरूनच काढा. धडाभोवती पातळ प्लॅस्टिकचा कागद गुंडाळा, त्यावर कागदी चिकटपट्टीचे तुकडे सगळीकडून चिकटवा. आता पेनने त्या चिकटपट्टीवरच रेघा ओढा. पुढची मध्यरेषा, मागची मध्यरेषा, खांदा, कूस, मुंढ्याचा गोल, गळ्याचा गोल, कंबर. रेघांवरून कात्रीने हळूच कापून काढलं की नमुना हातात. मूल हे काम तासभर एकटक बघतं आणि रेघा ओढायला मागतं. द्या. जाड रेघेने काही बिघडत नाही.

या तुकड्यांभोवती माया फक्त अर्धा सेंटीमीटर. मोकळेपणा सगळ्या घेरात मिळून एक ते दीड सेंटीमीटर पुरे. मुंढा मात्र रेघेपेक्षा अर्धा सेंटीमीटर खाली घ्या, कारण तिचा हात वळत नाही. मागच्या दोन्ही भागांना मध्यरेषेपलीकडे दीड-दीड सेंटीमीटर जास्त, एकावर एक येण्यासाठी. ठकीची छाती २८ सेंटीमीटर आहे, तिच्या कपड्यात मी २९ धरते. खांदा तयार झाल्यावर दोन सेंटीमीटर तरी रुंद राहू द्या. का, ते पुढे येतं.

बेत मुलीचा आधी, शिवण बाहुलीची आधी

हा माझा नियम. कापडावर आधी मुलीचे भाग मांडायचे, कापडाचा उभा धागा सांभाळून. घेराचे, म्हणजे कमरेखालच्या भागाचे, दोन आयत, प्रत्येकी ६६ सेंटीमीटर रुंद, उंची तुमच्या मापाची आणि वर ९ सेंटीमीटर. त्यातले सात खालच्या दुमडीचे. ही दुमड मुद्दाम मोठी ठेवायची. या वयात मूल वर्षाला ५ ते ७ सेंटीमीटर उंच होतं, पुढच्या वर्षी दुमड सोडली की फ्रॉक आणखी एक वर्ष जातो. आयत पन्ह्याच्या एका कडेला एकाखाली एक लावले की शेजारी ४४ सेंटीमीटरची पट्टी उरते. वरचे भाग त्या पट्टीत, आणि बाहुलीचे आयतांच्या खाली उरलेल्या तुकड्यात.

शिवायला मात्र बाहुलीचा फ्रॉक आधी घ्या. क्रम दोन्हींचा तोच आहे. काय कुठून ओढून काढायचं हे वीतभर कापडावर एकदा कळलं की मोठ्या फ्रॉकवर हात अडखळत नाही.

बाहुलीच्या बारीक तुकड्यांचे धागे हातात धरता धरता सुटतात, त्याला एक उपाय आहे. वरच्या भागाचा आकार पूर्ण कापूच नका. शिवणीच्या रेघा कापडावर पेन्सिलीने आखा आणि खांदे तेवढे आकारात कापून बाकी सगळीकडे बोटभर जास्तीचं कापड राहू द्या. शिवून झाल्यावर टिपेपासून अर्धा सेंटीमीटर सोडून कापा. मशीनवर टाका दोन मिलीमीटरचा ठेवा, मुलीच्या कपड्याला अडीचचा. सुई ११ नंबरची. सुरुवातीला कापड खालच्या भोकात ओढलं जातं, म्हणून खाली पातळ कागदाचा तुकडा घालून शिवा, नंतर तो फाडून काढा. दोन्ही दोऱ्यांची टोकं पहिल्या चार टाक्यांपुरती बोटात धरून ठेवा.

आता क्रम. पुढचा भाग खांद्यांवर मागच्या दोन भागांना जोडा. अस्तरही तसंच जोडा. शिवणी उघडून इस्त्री करा. मग कापड आणि अस्तर सुलटीवर सुलट ठेवून टाचण्या लावा आणि गळा, दोन्ही मुंढे, मागच्या दोन्ही उभ्या कडा शिवा. कुशी आणि कंबर मोकळी. गळ्याच्या आणि मुंढ्याच्या गोलाईवर कात्रीच्या टोकाने एकेका सेंटीमीटरवर छेद द्या, टिपेच्या अलीकडे मिलीमीटरभर थांबून. छेद दिले नाहीत तर गळा उलटल्यावर आकसतो आणि कितीही इस्त्री फिरवली तरी सपाट बसत नाही.

यानंतरचा प्रकार पहिल्यांदा करताना उलटसुलट वाटतो. मागचा एक भाग गुंडाळून खांद्याच्या बोगद्यातून पुढच्या बाजूने ओढून काढायचा. मुलीच्या फ्रॉकला हे बोटांनी होतं. बाहुलीच्या खांद्यातून बोट जात नाही, तिथे मागच्या भागाच्या कोपऱ्याला सेफ्टी पिन लावा आणि पिन आतून सरकवत न्या. खांदा दोन सेंटीमीटर ठेवायला सांगितला तो याचसाठी. घाई करू नका, ओढताना शिवण करकरली तर थांबा, कापड पुन्हा अरुंद गुंडाळा. दुसरी बाजू तशीच. दोन्ही भाग बाहेर आले की गळा, मुंढे, पाठ सगळं एकदम पुरं झालेलं असतं, एकही उघडी कड दिसत नाही. मला शिवणातला हा क्षण सगळ्यात आवडतो.

कुशींना कापडाची बाजू कापडाला आणि अस्तराची अस्तराला लावा, मध्ये मुंढ्याची शिवण नेमकी जुळवा आणि एकाच सलग टिपेत शिवून टाका.

घेर आणि चुण्या

मुलीच्या घेराचे दोन्ही आयत एका बाजूने पूर्ण जोडा. दुसऱ्या बाजूची शिवण मागे येते, तिथे वरचे १० सेंटीमीटर उघडे ठेवा. घेर कमरेच्या दुप्पट. बाहुलीला दुप्पट नको, दीडपट पुरे. बाहुली लहान असली तरी कापडाची जाडी तीच राहते, दुप्पट चुण्या केल्या की कमरेभोवती जाड वळकटी बसते. तिचा घेर एकाच तुकड्याचा, आणि मागून वरपासून खालपर्यंत उघडा. म्हणजे तिला फ्रॉकवर आडवं ठेवायचं, हात मुंढ्यातून घालायचे आणि मागे बंद करायचं. हात वर करण्याचा प्रश्नच येत नाही.

चुण्यांसाठी टाका लांब, ४-५ मिलीमीटरचा. दोन ओळी हव्यात, एक शिवणीच्या रेघेच्या वर आणि एक खाली. एका ओळीवर ओढलेल्या चुण्या शिवताना तिरक्या पडतात. खालचे दोरे ओढा, चुण्या नखाने सारख्या करा, आधी चार ठिकाणी टाचा आणि मग मधल्या जागा भरा. शिवताना चुण्यांची बाजू वर ठेवली की कुठे दुमडतंय ते दिसतं. घेर फक्त वरच्या कापडाला शिवा. अस्तराची कड आत दुमडून हातानेच हेम करा, बारीक टाक्यांनी, म्हणजे पोटाला काही टोचत नाही.

मुलीची खालची दुमड हाताने घाला, पुढे सोडायची आहे. बाहुलीची एक सेंटीमीटर, मशीनवर.

बंद कशाने करायचं

मुलीला मागे तीन सपाट बटणं, दोरा आठ-दहा वेळा घेऊन आणि बुडाशी गुंडाळून पक्की लावलेली. मानेजवळ नाडी किंवा लोंबती दोरी लावू नका. खेळताना ती कशात अडकली तर गळ्याला फास बसतो. युरोपात ईएन १४६८२ या मानकानुसार सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्यापाशी किंवा टोपीला दोरी चालतच नाही, आणि घरी शिवणाऱ्यांनीही हे पाळावं असं मला मनापासून वाटतं. बो हवाच असेल तर तो शिवून घट्ट बसवा, टोकं आखूड ठेवा.

बाहुलीला मी टिच बटणं लावते. नातीने ती आठवडाभरात शिकली. अंगठा वर, तर्जनी खाली, जीभ थोडी बाहेर आणि टिच असा आवाज झाला की माझ्याकडे बघायचं. चिकटपट्टी, म्हणजे व्हेल्क्रो, सोपी असते, पण तिच्या खरखरीत बाजूत बाहुलीचे केस अडकतात. लावायचीच तर अगदी अरुंद लावा आणि खरखरीत बाजूचं तोंड अंगाकडे नाही, बाहेर राहू द्या.

घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर बाहुलीच्या कपड्यावर बटण, मणी, टिकली काहीही नको. लहान मुलाच्या घशात काय अडकू शकतं हे तपासायला खेळण्यांच्या चाचणीत ३१.७ मिलीमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू धोक्याची समजतात. कपड्यांची बहुतेक बटणं तीत सहज मावतात. त्यांच्यासाठी कमरेला इलॅस्टिकचा घागरा शिवा. इलॅस्टिक कमरेपेक्षा मुलाला ४-५ सेंटीमीटर, बाहुलीला दोन सेंटीमीटर कमी घ्या. नेफा, म्हणजे इलॅस्टिक ओवायची दुमड, इलॅस्टिकपेक्षा अर्धा सेंटीमीटर रुंद ठेवा आणि टोकं एकावर एक चढवून चौकोनात टीप मारा. मुलग्याची चड्डी आणि त्याच्या अस्वलाची चड्डी याच रीतीने होते, फक्त अस्वलाला शेपटी असेल तर मागची उंची जास्त धरा.

जुन्या शर्टातून

नवं कापड नसेल तर मोठ्या माणसाचा जुना सुती शर्ट काढा. तो इतका धुतलेला असतो की आटायची आणि रंग जायची भीती जवळजवळ नाही. शर्टाची पुढची बटणपट्टी ही फ्रॉकची पाठ करा, काजं आणि बटणं आयती मिळतात. आणि बाहीचा कफ फेकू नका. बटण लावलेला कफ तसाच उलटा धरून खाली चुण्यांची पट्टी जोडली की बाहुलीची कमरेची पट्टी आणि बटण दोन्ही तयार. ठकीच्या कमरेला मोठा झाला तर बटण दोन सेंटीमीटर आत हलवा.

कापून उरलेला वीतभर तुकडा आणि थोडा तोच दोरा एका पाकिटात घालून ठेवा, वर तारीख टाका. पुढच्या वर्षी दुमड सोडाल तेव्हा जुन्या घडीची फिकट रेघ दिसेल, ती झाकायला त्याच कापडाची पट्टी लागते.