एसएसएलला पैसे कशाला?

कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरच्या चप्पल दुकानाची वेबसाइट उघडली, ब्राउझरनं 'नॉट सिक्युअर' दाखवलं, की गिऱ्हाईक तिथूनच मागं फिरतं. हे टाळायला एसएसएल प्रमाणपत्र लागतं; त्यामुळं वेबसाइट आणि गिऱ्हाईक यांच्यातली माहिती कूटबद्ध होऊन जाते. ते विकत घेऊ नका. लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्था ते फुकट देतात.

१. डोमेनचा ए रेकॉर्ड (वेबसाइटचं नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं, ती नोंद) आपल्याच सर्व्हरकडे आहे ना, ते आधी बघा. बहुतेकदा गाडी इथंच अडते.
२. सीपॅनेलमध्ये (होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलमध्ये) 'एसएसएल/टीएलएस स्टेटस' उघडून 'रन ऑटोएसएसएल' दाबा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेलं आणि नसलेलं, दोन्ही नावं त्यात हवीत. स्वतःचा सर्व्हर असेल तर सर्टबॉट हे प्रमाणपत्र मिळवून देणारं सॉफ्टवेअर वापरा. त्यासाठी सहसा पोर्ट ८० (साध्या एचटीटीपीचं दार) उघडं लागतं.
३. 'फोर्स एचटीटीपीएस रिडायरेक्ट' चालू करा, म्हणजे गिऱ्हाईक आपोआप सुरक्षित पत्त्यावर जातं.

लेट्स एन्क्रिप्टच्या प्रमाणपत्राची नेहमीची मुदत ९० दिवसांची. नूतनीकरण आपोआप होतंय का, हे तपासाच. मुदत संपत आल्याच्या ईमेल त्यांनी २०२५ मध्ये बंद केल्यात.