गाडी चालू होत नाही? आधी सेल्फवरचा अंगठा काढा

मागच्या जुलैतली गोष्ट. रात्रभर धो धो पाऊस झालेला. सकाळी पार्किंगमधून शेजारच्या मुलाच्या बाईकचा आवाज येत होता. घर्र, घर्र, घर्र... मग जरा मरगळलेली घर्र, आणि शेवटी नुसतं टक्. मी खाली जाईपर्यंत बॅटरी उतरली होती. बिघाड निघाला तो इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या टोपीत शिरलेल्या पाण्याचा. टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसायची, दोन मिनिटांचं काम. आता त्यात बॅटरीचीही भर पडली.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये निदान दहा-पंधरा सेकंद बॅटरीला दम घेऊ द्या. तीन-चार प्रयत्नांत गाडीने उचललं नाही तर हात आवरा आणि आवाज ऐका. नुसतं टक् होत असेल किंवा सेल्फ मारताना मीटरचे दिवे मंद होत असतील, तर बॅटरी कमजोर आहे किंवा तिचे टर्मिनल सैल झालेत. इंजिन दणकून फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. पेट्रोल किंवा प्लगच्या ठिणगीचा करंट, यातलं एक पोचत नाहीये.

काहीच आवाज नसेल तर पाना हातात घेण्याआधी किल स्विच, म्हणजे हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच बघा. पार्किंगमध्ये लहान मुलं गाडीवर बसतात, तो लाल स्विच हमखास दाबला जातो. बऱ्याच नव्या गाड्या साइड स्टँड खाली असेल तर गिअरमध्ये चालू होत नाहीत, म्हणून स्टँड वर घ्या, न्यूट्रलचा हिरवा दिवा बघा, क्लच दाबा. कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या जुन्या यंत्रणेची) गाडी असेल तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉकही बघा: बंद आहे का, रिझर्व्हवर न्यायची वेळ झाली आहे का.

फ्यूज उडाला असेल तर त्याच अँपिअरचा घाला, फ्यूजच्या डबीत बहुतेक वेळा एक जादा असतो. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवणारे मी पाहिलेत. कृपा करून हे करू नका. फ्यूज उडतो म्हणून वायरिंग वाचतं. चांदी उडत नाही, वायर जळते.

आता प्लग. तो काढला की गाडी स्वतःच सांगते. टोक ओलं आणि पेट्रोलचा वास, म्हणजे पेट्रोल ओव्हर झालंय, गरजेपेक्षा जास्त आत गेलंय. चोक बंद करा, प्लग पुसून बसवा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा आणि मग किक किंवा सेल्फ मारा. टोक कोरडं ठणठणीत असेल तर पेट्रोल येतच नाहीये. काळी काजळी असेल तर पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, पण पांढऱ्या चिनी मातीला तडा गेलेला दिसला तर प्लग सरळ बदला.

काढलेल्या प्लगला ठिणगी पडते का, म्हणजे करंट येतो का, हे बघताना मात्र जपा. प्लगचा धातूचा भाग इंजिनला नीट टेकलेला हवा आणि तो प्लगच्या भोकापासून लांब धरायचा, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. जवळ पेट्रोल सांडलेलं असेल तर हा प्रयोग करूच नका.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम पाळणाऱ्या) गाड्या आल्या, कार्बोरेटर जवळजवळ गेलाच आणि त्याच्या जागी पंपाने पेट्रोल फवारणारं फ्युएल इंजेक्शन आलं. पण सवयी जुन्याच राहिल्या. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत किल्ली फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंपाचा बारीक गुंऽऽ असा आवाज येतो. तो थांबू द्या, मगच सेल्फ मारा. आवाजच आला नाही तर पंप, फ्यूज किंवा बॅटरीकडे बघायचं. बॅटरी पार मेली असेल तर या गाडीला दुसऱ्या गिअरमध्ये धक्का देऊन फायदा नाही, कारण पंपालाच वीज मिळत नाही. जुन्या कार्बोरेटरच्या बऱ्याच गाड्या अशा वेळी किकवर निघायच्या, म्हणून लोक आजही चढावर घामाघूम होईपर्यंत ढकलत बसतात.

पावसाळ्यातला आणखी एक छुपा शत्रू म्हणजे टाकीतलं पाणी. झाकणाच्या खाचेतलं पाणी बाहेर जाण्यासाठी एक बारीक भोक असतं. ते मातीने बुजलं की पाणी साचतं आणि टाकीत झिरपतं. माझ्या जुन्या गाडीने असाच त्रास दिला होता. कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत पेट्रोल धरलं, तर तळाशी वेगळा थर स्पष्ट दिसत होता. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, नेमकं जिथून इंजिनला पुरवठा होतो तिथेच. महिनाभर गाडी उभी ठेवायची असेल तर हे लक्षात असू द्या. ते भोक पिनेने मोकळं करायला अर्धं मिनिटही लागत नाही. फक्त घाण आत ढकलली जाऊन टाकीत पडणार नाही एवढं बघा.